ड्रोन कोसळतो तेव्हा

ड्रोन ही वस्तू आता ग्रामीण महाराष्ट्रालाही नवी राहिलेली नाही. २००९ साली ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात चार पंख्यांचे यंत्र वसतिगृहाच्या खिडक्यांपर्यंत चढताना अनेकांनी प्रथमच पाहिले. पुढे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावापासून गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी सुरू झाली आणि २०२० मध्ये केंद्राची ‘स्वामित्व’ योजना आली. आज चांदवडसारख्या तालुक्याच्या गावीही लग्नाचे चित्रीकरण ड्रोनविना अपुरे वाटते, आणि द्राक्ष, डाळिंब, कांदा पिकवणारा शेतकरी फवारणीच्या ड्रोनची चौकशी करू लागला आहे.

उत्साहाच्या या भरात एक प्रश्न मागे पडतो. इतके हुशार यंत्र पडते का? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही, त्यात पैसा गुंतलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांसाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद झाली. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, पण ८ लाख रुपयांपर्यंतच, अनुदान आणि उरलेली रक्कम कर्जाऊ, अशी तिची रचना आहे. यंत्र एका क्षणात जमिनीवर आदळते, कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच येतात. पैशाहून मोठी हानीही होऊ शकते. इंग्लंडमध्ये २०१५ साली घरासमोर उडवलेला एक ड्रोन झाडाला घासून भरकटला आणि त्याच्या पात्याने एका लहान बालकाचा डोळा कायमचा गेला. उडवणारी व्यक्ती नवशिकी नव्हती.

ड्रोन कोसळण्याची कारणे समजण्यासाठी तो हवेत कसा टिकतो हे आधी पाहावे लागते. विमानाला पंख असतात, त्यामुळे इंजिन बंद पडले तरी ते काही अंतर तरंगत जाऊ शकते. चार पंख्यांच्या ड्रोनला ती सवलत नाही. त्याचे दोन पंखे घड्याळाच्या दिशेने व दोन उलट दिशेने फिरतात, आणि आतील छोटा संगणक प्रत्येक पंख्याची गती सेकंदाला शेकडो वेळा कमीजास्त करून तोल सांभाळतो. एक पंखा थांबला की सारा तोल जातो. पाते चुकीच्या बाजूचे बसवले किंवा त्याला बारीकशी चीर गेली, तर उड्डाणाच्या पहिल्या काही क्षणांतच अपघात होतो.

उड्डाणाच्या तऱ्हा, म्हणजेच ‘मोड’, हा यातील कळीचा भाग आहे. सर्वांत साध्या तऱ्हेत यंत्र फक्त स्वतःला सपाट ठेवते. वारा आला की ते वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि त्याला आवरणे उडवणाऱ्याच्या हाती असते. दुसऱ्या तऱ्हेत हवेच्या दाबावरून उंची स्थिर राहते, पण जागा स्थिर राहत नाही. तिसरी तऱ्हा उपग्रहांच्या आधाराची. हीत हात सोडला तरी ड्रोन आहे तिथेच थांबतो, म्हणून नवख्याला ती फार सोपी वाटते. याशिवाय वेगाची ‘स्पोर्ट’ तऱ्हा आहे. अनेक कॅमेरा ड्रोनमध्ये हिच्यात अडथळे ओळखणारी यंत्रणा बंद होते आणि थांबायला लागणारे अंतरही वाढते. आखलेल्या मार्गाने आपोआप जाणे आणि आपोआप परत येणे, या आणखी दोन तऱ्हा.

खरा धोका एका तऱ्हेतून दुसरीत नकळत जाण्यात असतो. मोकळ्या पटांगणात उपग्रहांच्या भरवशावर शांत उभा असलेला ड्रोन मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली शिरला की उपग्रहांचा संकेत तुटतो. ड्रोन आपोआप साध्या तऱ्हेवर येतो आणि वाहू लागतो. ज्याने आयुष्यात फक्त सोपी तऱ्हाच हाताळली, तो या क्षणी गोंधळतो, आणि खाली वऱ्हाडी बसलेले असतात.

‘घरी परत’ या सोयीबद्दलही मोठा गैरसमज आहे. संपर्क तुटला किंवा बॅटरी खालावली की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढून उड्डाणस्थळी परततो. पण बहुतेक यंत्रांत ही उंची जिथून उड्डाण झाले त्या जागेपासून मोजलेली असते, पायाखालच्या जमिनीपासून नव्हे. चांदवडच्या डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून परतीची उंची ३० मीटर ठेवली आणि ड्रोन एखाद्या सोंडेपलीकडे गेला, तर परतताना तो आज्ञाधारकपणे कड्यावर जाऊन आदळेल. तसेच, उपग्रह पुरेसे सापडण्याआधीच उड्डाण केले तर ‘घर’ कोणते याचीच नोंद चुकते.

होकायंत्र हे आणखी एक नाजूक अंग. गच्चीच्या स्लॅबमधील लोखंडी सळया, जवळ उभी असलेली मोटार किंवा विजेच्या तारा त्याची दिशा बिघडवतात. मग ड्रोन एका जागी न थांबता वाढत्या वर्तुळात गरगरू लागतो. म्हणून गच्चीपेक्षा मोकळी जमीन केव्हाही बरी.

बॅटरीचा हिशेब तर बहुतेकांचा चुकतो. जाताना वारा पाठीशी असला की खर्च कमी दिसतो, आणि परतताना तोच वारा समोरून येऊन शिल्लक खाऊन टाकतो. निफाड-चांदवड पट्ट्यातील जानेवारीच्या पहाटे थंडीने बॅटरीची ताकद आणखी घटते. फुगलेली बॅटरी तर वापरूच नये. घाईने सरळ खाली उतरणेही घातक असते, कारण पंख्यांनी खाली लोटलेल्या खळबळत्या हवेतच यंत्र शिरते, त्याला आधार मिळत नाही आणि ते दगडासारखे येते. उतरताना किंचित पुढे सरकत, सावकाश यावे. बारीक तारा कॅमेऱ्याला सहसा दिसत नाहीत, मग त्या विजेच्या असोत वा द्राक्षमांडवाच्या. संक्रांतीत येवल्याचे आकाश पतंगांनी भरते, तेव्हा मांजा पंख्यांत गुंतण्याची शक्यता वेगळी सांगायला नको.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास मुभा आहे, पण लाल व पिवळ्या क्षेत्रांत परवानगी लागते. जिल्ह्यात ओझरचा विमानतळ व देवळालीचा लष्करी परिसर असल्याने उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहणे अगत्याचे ठरते. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता इतरांना त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आवश्यक आहे. विम्याचा हप्ता अनेकांना वायफळ खर्च वाटतो. इंग्लंडमधील त्या बालकाची हकीकत आठवली की तो तसा वाटत नाही.

या साऱ्याचा मथितार्थ असा की यंत्राच्या दोषाइतकाच, किंबहुना अधिक, दोष यंत्रावर टाकलेल्या भाराचा असतो. यंत्राने जे काम अंगावर घेतले ते माणूस शिकायचे विसरतो, आणि यंत्राने हात टेकले की दोघेही असहाय होतात. म्हणून घरातील मुलाला किंवा सुनेला ड्रोन घेऊन देताना वडीलधाऱ्यांनी एक अट जरूर घालावी. पहिले काही दिवस मोकळ्या माळरानावर, माणसांपासून दूर, उपग्रहांचा आधार बंद करता येत असेल तर तो बंद ठेवून, साध्या तऱ्हेत सराव करावा. पाती, बॅटरी, उपग्रह, वारा व परतीची उंची या पाच गोष्टी प्रत्येक वेळी मोठ्याने उच्चारून तपासाव्यात. त्यांतील एकही शंकास्पद वाटली, तर समोर वऱ्हाड खोळंबले असले तरी ड्रोन पेटीत परत ठेवावा. यजमान थोडे रागावतील. तो राग चार दिवसांत विसरला जातो.