गुळाचा रवा आणि वायल्डर चर्च

बाबांचं ‘उपासना संगीत’ हे चर्चमधल्या गीतांचं पुस्तक परवा कपाटातून काढलं, तर मधली पानं एकमेकांना चिकटलेली. नखानं सोडवायला गेले आणि गुळाचा वास आला.

कोल्हापुरातल्या न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च कसं आहे म्हणून कुणी विचारलं, तर मला खिडक्या-कमानींच्या आधी पुलपिटाखालची चिकट फरशी आठवते. सुगीच्या सणाला लोक जोंधळा, भोपळे, गुळाचा रवा म्हणजे ढेप, एखादी कोंबडी आणायचे आणि उपासना संपली की लिलाव व्हायचा. बाबा अडतीवर दिवाणजी. आठवडाभर गुळाच्या दराची घासाघीस ऐकून वहीत मांडायचे, आणि रविवारी रवा समोर आला की स्वतःच बोली चढवायचे. पुढं कुणी बोलत नसलं तरी! बायकांच्या बाकांवरून आई डोळे वटारायची. वाटेत म्हणायची, “अहो, एवढा गूळ काय डोक्यावर घालायचाय?”

गुळाची ही शाहूपुरी पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. चर्चला ज्याचं नाव, तो अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर मात्र १८५२ मध्येच कोल्हापुरात पोचला होता. त्याला पाठवणाऱ्या अमेरिकन मिशन बोर्डाला शाळांवर एवढा भर नको होता, याला शाळाच हव्या होत्या. भांडण इतकं विकोपाला गेलं की बोर्डाशी संबंध तुटला. तरी गडी कोल्हापूरला परत आला आणि स्वतःच्या हिमतीवर काम रेटत राहिला. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं ते हाती घेतलं. शाळेपायी वरिष्ठांशी भांडणारा माणूस मला आवडतोच.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. वायल्डर म्हटलं की लोकांना आठवतो हा एकटा, फार तर कोल्हापुरात जन्मलेला मुलगा रॉबर्ट, जो पुढं अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशन-चळवळीचा पुढारी झाला. १८८७ मध्ये वायल्डर न्यूयॉर्कला वारला. नंतर पुन्हा इकडे आल्या त्या बायको एलायझा आणि लेक ग्रेस. त्यांची आठवण कुणी काढत नाही.

आमच्याकडंही लिलावानंतरचा गूळ आईच निस्तरायची. बत्त्यानं फोडायचा, मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवायचा, कुंभार गल्लीत वाटे पोचवायचे, उरलेल्यातून नाताळचे अनारसे. बोलीचे पैसेसुद्धा बहुतेकदा तिच्या शिलाईच्या डब्यातले. पावती बाबांच्या नावानं.