हरलेल्या डावाचा हिशेब

बुद्धिबळानं बुद्धी तल्लख होते, असं सांगून आपण मुलांना पटापाशी बसवतो. मला ते पटत नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली, तर निष्णात खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी मांडी; नवखा चार-पाच मोहऱ्यांतच अडखळे. मोहरे कसेही विखरून ठेवले, की दोघांत फारसा फरक उरत नसे. वाढली होती ती पटाची ओळख. वाणसामानाची यादी लक्षात ठेवायला तिचा काय उपयोग?

तरीही मुलांनी हा खेळ खेळावा, असं मला मनापासून वाटतं. सारीपाटात हरलेला फाशांना बोल लावतो, पत्त्यांत पानंच वाईट आली म्हणता येतं. इथे दोघांचं सैन्य सारखं आणि सगळं उघड्यावर. खेळी स्वतःच्या हातानं स्कोअरशीटवर लिहायची, म्हणजे चूकही आपल्याच अक्षरात. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात, बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत, गुकेशविरुद्ध खेळणाऱ्या डिंग लिरेननं पंचावन्नाव्या खेळीला हत्ती मागे घेतला. त्याचा उंट पार कोपऱ्यात होता. गुकेशनं हत्तींची मारामारी केली, मग आपला उंट त्या उंटासमोर आणून भिडवला. तीही जोडी पटावरून गेली. राहिले राजे आणि प्यादी, त्यात गुकेशचं एक प्यादं जास्त. तीन खेळ्यांत डिंगनं डाव सोडला. लपलेलं काहीच नव्हतं.

आयुष्य असं उघड्यावर नसतं, हा आक्षेप रास्त आहे. पाऊस दगा देतो, नोकरी जाते. त्यात आपली चूक किती, कोण सांगणार? पटाचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावणारा माणूस स्वतःला छळेल, आणि दुसऱ्याच्या दुःखालाही त्याचीच चूक म्हणेल. पण सबबी जिथे मुबलक, तिथे आपला वाटा वेगळा काढायला तो एकदा तरी निर्भेळ पाहिलेला असावा लागतो. स्मरणशक्ती पटाबाहेर येत नाही, मग ही सवय तरी येते कशावरून? आपोआप नाहीच येत. म्हणून मला डावाइतकंच डावानंतरचं बसणं मोलाचं वाटतं. हात मिळवून झाल्यावर दोघं मोहरे पुन्हा मांडतात, नेमक्या त्या खेळीपर्यंत मागे जातात. हरलेला विचारतो, इथे घोडा आणला असता तर? आणि जिंकलेला म्हणतो, मी त्यालाच घाबरत होतो.