सुटलेल्या माशांचं ऋण

हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव चाले, तेव्हा आईच्या टोपलीशेजारी बसून मी मासे ओळखायला शिकले. गाबोळीच्या माशाला भाव जास्त, हे लवकर कळलं. ती गाबोळी समुद्रातच राहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मात्र शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतानाही मनात आला नव्हता.

तो प्रश्न मला अलास्काच्या सॉकाय साल्मनने दिला. सिएटलला शिकत असताना उन्हाळ्यात ब्रिस्टल बेला कामाला गेले होते. सॉकायचं पिल्लू तिथे वर्ष-दोन वर्षं सरोवरातल्या प्लवंगांवर वाढतं, मग बहुधा दोन-तीन वर्षं पॅसिफिकमध्ये काढतं आणि अखेर वासाच्या आधाराने जन्माच्या पाण्याकडे वळतं. नदीत शिरल्यावर खाणं बंद. चंदेरी अंग लालभडक होतं, डोकं हिरवं. मादी शेपटीने खडीत खळगे करून काही हजार अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. त्यांच्या देहातलं सत्त्व त्याच ओढ्याला, काठावरच्या झाडांना मिळतं.

तिथल्या वूड नदीकाठच्या मनोऱ्यावर एका वयस्क कर्मचाऱ्याने मला वर चढणाऱ्या माशांची मोजणी शिकवली. दर तासाला एका काठावर दहा मिनिटं, मग दुसऱ्या काठावर दहा. आलेल्या आकड्याला सहाने गुणायचं. थवा दाट आला की माझी नजर ठरत नसे. ते न कंटाळता शेजारी उभे राहत. एकदा म्हणाले, "पकडलेले मासे कारखाना मोजतोच. आपण सुटलेले मोजायचे." माझं पुढचं सगळं काम त्या वाक्यातून निघालं आहे.

वूड नदीत 7 ते 18 लाख सॉकाय वर पोचावेत, असं उद्दिष्ट आहे. मोजणी मागे पडली की खाली खाडीतली मासेमारी थांबवली जाते, तीही ऐन जुलैच्या तोंडावर, जेव्हा वर्षाची कमाई काही आठवड्यांत करायची असते. मोजणी पुढे गेली तर जाळी जास्त वेळ टाकू देतात. कारण फार मासे चढले तर एकीच्या खळग्यावर दुसरीचा खळगा पडतो, पिल्लांना सरोवरातलं खाणं पुरत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम रिकर यांनी 1954 मध्ये हे गणितात मांडलं. मी ते पुस्तकात वाचलं होतं. पण मासे समोरून जात असताना होड्या उभ्या ठेवणारी माणसं पाहिली, तेव्हा कोळ्याच्या मुलीला त्याची किंमत कळली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टल बेमधला मासा फार रोडावला होता. 2022 मध्ये संपूर्ण ब्रिस्टल बेत सुमारे 7 कोटी 90 लाख सॉकाय परतले. त्यात समुद्राची साथ आहे, न बिघडलेल्या नद्यांचीही आहे. तरी त्या थांबलेल्या होड्यांची मी कायमची ऋणी आहे.

मी परत आले, पण कोकणचा समुद्र एका मनोऱ्यावरून मोजता येत नाही. पापलेट, सुरमई, बोंबील, प्रत्येकाची वीण निराळी. म्हणून माझे विद्यार्थी आणि मी बंदरावर जाऊन माशाची लांबी आणि गाबोळीची अवस्था महिन्यागणिक नोंदवतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नेमके कोणते मासे सुटतात आणि कोणते नाही, हे आम्हाला शोधायचं आहे.