मूर्च्छा, वध आणि भोजन

विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी, पापडखिंड धरणाच्या वाटेवर फुलपाडा आहे. तेथील एका घराच्या ओट्यावर एका दुपारी आजी बोंबील साफ करीत बसली होती. शेजारी तिचा अकरा वर्षांचा नातू व्हिडिओ गेम खेळत होता. पडद्यावर मॅजिकार्प नावाचा एक लाल मासा तडफडत होता. समोरच्या प्राण्याच्या एका आघातासरशी तो कोसळला आणि दिसेनासा झाला.

“मेला का रे?” आजीने विचारले.

“नाही गं आजी, चक्कर आली त्याला. दवाखान्यात नेला की बरा होतो.”

आजीने पुढचा बोंबील उचलला. “मग ह्याला खातं कोण?”

नातवाकडे उत्तर नव्हते. आजीचा प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. ज्या सृष्टीत मासा आहे, तेथे त्याला खाणारा असलाच पाहिजे, अशी तिची साधी अपेक्षा होती. कोणत्याही कल्पित विश्वाची अंतर्गत संगती तपासू पाहणाऱ्या समीक्षकाला ह्याहून वेगळा प्रश्न विचारता येत नाही.

पोकेमॉन ही खेळमालिका २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये सुरू झाली. पहिल्या संचात १५१ जीवजाती होत्या. त्या पकडावयाच्या, वाढवावयाच्या आणि एकमेकींशी झुंजवावयाच्या, हे खेळाचे सूत्र. झुंजीत एखाद्या प्राण्याची शक्ती शून्यावर आली की तो मरत नाही, मूर्च्छित होतो. ही योजना हेतुपुरस्सर होती. खेळांच्या जगात निरर्थक हिंसा पुरेशी आहे, तिच्यात भर पडू नये म्हणून आपण मृत्यूऐवजी मूर्च्छा निवडली, अशी भूमिका खेळाचे जनक सातोशी ताजिरी ह्यांनी १९९९ मधील एका मुलाखतीत मांडली होती.

संस्कृत नाट्यविचाराच्या अभ्यासकाला हा संकेत अपरिचित वाटू नये. रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नयेत अशा गोष्टी धनंजयाने दशरूपकात नोंदविल्या आहेत. त्यांत वध आहे आणि भोजनही आहे. शिकार म्हणजे ह्या दोन निषिद्ध क्रियांचा संयोगच होय. त्याच यादीत युद्धही आहे. पोकेमॉनने युद्ध तेवढे मंचावर ठेवले आणि वध व भोजन पडद्याआड नेले. परंतु पडद्याआड नेणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. जे दाखवावयाचे नाही ते सूचित करावे, आणि त्यासाठी विष्कंभक, प्रवेशक ह्यांसारख्या योजना वापराव्यात, अशी नाट्यशास्त्राची व्यवस्था आहे. पोकेमॉनमध्ये हे काम पोकेडेक्स करतो. प्रत्येक प्राण्याविषयी दोन-तीन वाक्यांची नोंद देणारा हा कोश म्हणजे ह्या खेळाचा विष्कंभक म्हणता येईल.

ह्या नोंदींमध्ये मृत्यू आणि भूक ठायी ठायी भेटतात. पिजॉट हा पक्षी पाण्याच्या पृष्ठभागालगत वेगाने उडत जातो आणि बेसावध मॅजिकार्प उचलतो. आजीच्या प्रश्नाचे उत्तर खेळाने आधीच लिहून ठेवले होते! फारफेच्ड हे बदक कांद्याच्या पातीसारखा दांडा घेऊन हिंडते. बदकाने शिजण्यासाठी लागणारी पातही स्वतःच आणावी, अशा अर्थाच्या एका जपानी म्हणीतून हा प्राणी जन्मला. म्हणजे त्याच्या रूपातच त्याचा वध आणि त्याचे भोजन दोन्ही कोरलेली आहेत. कॉर्सोला हे पोवळे, आणि मारीनी त्याच्या फांद्या खाणारी. २०१९ च्या संचात कॉर्सोलाचे एक पांढरे, भूतरूप येते. हवामानातील आकस्मिक बदलाने ही प्राचीन जात नष्ट झाली, असे त्याची नोंद सांगते. पांढऱ्या पडणाऱ्या खऱ्या प्रवाळांची आठवण होण्यासाठी येथे टीकाकाराची मध्यस्थी लागत नाही.

संकेत आला की त्याचा भंगही आला. भासाने ऊरुभंगात दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरू दिले. २०१६ च्या संचातील एका दुर्मीळ प्रसंगी जखमी कॉर्सोला मदतीसाठी हाक मारतो आणि त्या हाकेला मारीनीच धावून येते, ती त्याच्यावर तुटून पडण्यासाठी. त्याआधी, पहिल्याच संचात, लॅव्हेंडर गावाच्या मनोऱ्यात प्राण्यांच्या समाध्या आहेत, आणि मारल्या गेलेल्या एका आईचे भूत तेथे वाट अडवून उभे राहते. तिचे पिलू क्युबोन ह्या जातीचे. मृत आईची कवटी डोक्यावर घालून ही जात वावरते. मूर्च्छेची सर्व व्यवस्था ह्या एका कवटीपाशी लटकी पडते. पुढच्याच संचात, १९९९ मध्ये, त्या मनोऱ्याच्या जागी रेडिओ केंद्र आले आणि समाध्या एका लहानशा घरात हलविल्या गेल्या.

हे स्थलांतर फुलपाड्याच्या वाचकाला कल्पित वाटणार नाही. ताजिरी टोकियोलगतच्या माचिदा गावात वाढले. बालपणी ते किडे पकडीत हिंडत. पुढे तेथील तळी आणि शेते बांधकामांखाली गेली, आणि पकडण्याचा तो आनंद त्यांनी खेळात जपला. विरार-नालासोपाऱ्याच्या पट्ट्यातही भातखाचरांवर भराव पडून इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील बेडकांचा, खेकड्यांचा, बगळ्यांचा शेवट कोणी पाहिला नाही. तोही सूच्यच राहिला, आणि त्याला कोश मिळाला नाही. मूर्च्छेने मुलांच्या हातांना वधापासून दूर ठेवले, हे खेळाचे सौजन्य मान्य केले पाहिजे. परंतु विष्कंभक अर्थपूर्ण होतो तो ज्याला मूळ घटना ठाऊक आहे त्याला. शिकार कधीच न पाहिलेल्या पिढीला शिकारीची नोंद केवळ माहिती म्हणून उरण्याचा धोका आहे.

संध्याकाळी नातवाला ती नोंद सापडली. त्याने ती आजीला मराठीत सांगितली. पक्षी येतो, पाण्यावरून जातो, मासा उचलतो.

“दाखवलंय का तसं?”

“नाही. नुसतं लिहिलंय.”

“लिहिणाऱ्यानं पाहिलं असेल ना,” आजी म्हणाली. मग तिने त्याला विचारले, धरणावर पाणकावळा मासा गिळताना त्याने कधी पाहिला आहे का. त्याने पाहिला नव्हता. फुलपाड्याहून पापडखिंडीचे पाणी चालत जाण्याच्या अंतरावर आहे.