आवाजालाही गाव असतं

चित्रपटातला पाऊस उसना असेल तर मला लगेच कळतं. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठचा. आमच्याकडचा पाऊस सागाच्या रुंद पानांवर जाड वाजतो, कौलांवर सरसरतो, पत्र्यावर तर शेजारच्याचं बोलणं ऐकू देत नाही. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर पडला की बारीक होतो. आवणी करणाऱ्या बाया अंगावर प्लास्टिक घेतात, त्यावर आणखी निराळा. साउंड लायब्ररीत मात्र ‘जंगलातला जोरदार पाऊस’ नावाची एकच फाइल असते आणि ती कोकणालाही चालते, मेळघाटालाही. कधी तिच्यात असा पक्षी ओरडून जातो, जो सह्याद्रीत कुणी ऐकलेला नाही.

चित्रपटांसाठी आवाज मुद्रित करणं हा माझा व्यवसाय. त्यात पाय रोवून उभं राहण्याचं बळ मला रसूल पूकुट्टी यांच्या कामातून मिळालं. केरळातल्या विळक्कुपारा गावात वाढलेला हा माणूस. गावात वीज नव्हती, शाळेसाठी सहा किलोमीटर चालावं लागे. पेठ-हरसूलकडच्या कुणालाही हे बालपण परकं वाटणार नाही. १९९५ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडले, मुंबईत आले. २००५ च्या ‘ब्लॅक’नंतर त्यांचं नाव झालं. ‘स्लमडॉग मिलेनियर’साठी २००९ मध्ये त्यांना इयान टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटात त्यांच्याकडे होतं ते प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी आवाज पकडण्याचं काम. मुंबईच्या वस्त्यांत, रेल्वे स्थानकात, जिथे शांतता मागूनही मिळत नाही तिथे. मला ऑस्करपेक्षाही ही गोष्ट मोठी वाटते.

कारण आपल्याकडे अनेक दशकं उलट रीत होती. कॅमेऱ्याची घरघर इतकी असे, की जागेवरचा आवाज फक्त खुणेपुरता ठेवायचा आणि नट पुढे स्टुडिओत डबिंग करायचे. ओठ जुळायचे, पण श्वास जुळायचा नाही. पळून आलेल्या माणसाची धाप वातानुकूलित खोलीत उभं राहून कशी आणणार? ‘लगान’ने २००१ मध्ये सिंक साउंडचं, म्हणजे चित्रीकरणाच्या जागीच आवाज पकडण्याचं धाडस केलं; त्याबद्दल नकुल कामटे आणि एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पूकुट्टींनी त्या आग्रहाला प्रतिष्ठा दिली. निर्मात्याकडे वेगळ्या ॲम्बियन्ससाठी, म्हणजे त्या जागेचे आवाज टिपण्यासाठी वेळ मागताना आज आमचा आवाज चढा लागतो, त्यामागे ही माणसं आहेत.

आणि हे सगळं मराठी मातीला नवं नाही. फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे ती ‘प्रभात’च्या जागेवर. प्रभातच्या बोलपटांचं ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले पाहत. त्यांनीच फत्तेलालांसोबत १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. ध्वनिमुद्रकाला तांत्रिक कामगार समजणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुरे. अलीकडे मंदार कमलापूरकर यांना ‘त्रिज्या’साठी आणि अनमोल भावे यांना ‘मी वसंतराव’साठी ध्वनिरचनेचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दोन्ही चित्रपट हेडफोन लावून पुन्हा ऐकावेत.

गावी आलो की मी माइक घेऊन निघतो. चैत्रात पहाटे मोहाची फुलं गळतात. वाळल्या पाचोळ्यावर पडणाऱ्या त्या जड, रसाळ फुलाचा आवाज टिपायचा तर वारा पडायची वाट पाहावी लागते, आणि वारा पडतो तेव्हाच गावातली कुत्री जागी होतात. थाळगान त्याहून अवघड. काशाच्या थाळ्याच्या मधोमध मेणाने काडी उभी करतात आणि गाणारा ती दोन्ही हातांच्या बोटांनी वरून खाली निपटत राहतो. थाळा घुमतो, त्या सुरावर रात्रभर कथा चालते. माइक थाळ्याजवळ धरला तर बोटांचं घासणं येतं, मागे नेला तर खोली, ऐकणाऱ्यांचे हुंकार, चुलीतलं लाकूड. मी दोन्ही घेतो. पण एकच ठेवायची वेळ आली तर मागचं ठेवीन. ऐकणारे काढले तर ती कथा कुणाला सांगितली जातेय हेच उरत नाही.

म्हणूनच मला वाटतं, पेठ-सुरगाण्याची पोरं या कामात यायला हवीत. कोकणा, वारली, महादेव कोळी घरांतली. पावलांवरून माणूस ओळखणं, पानांच्या सळसळीवरून झाड ओळखणं त्यांना शिकवावं लागत नाही. बाकीची यंत्रं शिकता येतात. पुण्याच्या संस्थेची प्रवेश परीक्षा असते, तिथे राखीव जागाही आहेत. ही माहिती आश्रमशाळांच्या फळ्यावर कुणी लिहीत नाही, तेव्हा या सुट्टीत मी खडू घेऊन जाणार आहे.