वारुळावरची अळंबी

आषाढाची झड लागली की शहापूरच्या खडेबाजारात एखादी बाई पानांत बांधलेली रानअळंबी घेऊन बसलेली दिसते. आमच्या घरी आई तिला अळंबी म्हणते, सौ. अणबे म्हणते, भाव करताना मात्र दोघी एक होतात!

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या गावी, जांबोटीच्या रानात, मी हौसेने टोपली भरली. त्याच्या आजीने ती पाहिली आणि निम्मी ओतून टाकली. ‘मास्तर, ही वारुळातली न्हवं.’ मग वारुळावरची एक छत्री तिने बोटाने उकरून दाखवली. डोके मधोमध टोकदार, देठ मुळासारखा खोल गेलेला. तो थेट वाळवीच्या घरात पोचतो. चघळलेल्या लाकूड-पाल्यावर वाळवीच ही बुरशी पोसते, म्हणून बटन अळंबीसारखी हिची शेती होत नाही. वारूळ मोडू नका, असे आजी बजावते ते उगीच नव्हे.

टाकलेल्यांत एकीच्या बुडाशी पिशवी होती, देठाला कडे होते. या घराण्यातल्या काही जाती जीवघेण्या. खाल्ल्यावर उलट्या सुरू व्हायलाच सहा ते बारा तास, कधी जास्तही लागतात. तोवर विष यकृतापर्यंत गेलेले असते. लसूण काळी पडते, चांदीचे नाणे काळवंडते, या परीक्षा साफ खोट्या. शंका आली की फेकावी.

उरलेली आजीने कांदा, मिरची नि ओल्या खोबऱ्यात घालून चांगली शिजवली. भाकरी मोडताना नातू हळूच म्हणाला, ‘सर, मलाही ओळखता येत नाही.’ यंदा त्याला घेऊनच आजीकडे जाणार आहे.