बघू

डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले होते, "नोडोणा." मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, 'बघू'. आमच्या घरात एखादी गोष्ट टाळायची असली की हाच शब्द निघतो. भिंतीला ओल आलीय? बघू. गावी जायचंय? बघू. डॉक्टरांना मात्र खरोखरच बघायचं होतं.

२०१४ साली दाढी करताना मानेला गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून चार महिने तशीच राहू दिली. शेवटी गाठ काढून तपासली आणि फॉलिक्युलर लिम्फोमाचं निदान झालं. पोटातही बारीक गाठी होत्या. चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यामुळे मरायची वेळ झालेल्या पेशी मरत नाहीत, साठत जातात, असं डॉक्टरांनी समजावलं. हा आजार सावकाश वाढतो. त्रास नसताना औषध लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही. म्हणून सध्या औषध नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

दोन वर्षं नेमाने गेलो. मग मानेत राहिलेल्या गाठी आपोआप लहान झाल्या. या आजारात त्या अशा कमी-जास्त होतात हे मला सांगितलेलं होतं. तरी मी ते बरं होणं समजलो.

२०१७ च्या जूनमधली ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. फाइल पिशवीत घालून घरून निघालो. नवरंग टॉकीजपाशी बसथांब्यावर आलो, बस आली, मी चढलो नाही. जवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी घेतली, तासभर उभा राहिलो आणि परत फिरलो. दारातच बायकोने विचारलं, "अहो, काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे." पुढची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी मी हेच उत्तर दिलं. राजाजीनगरच्या कारखान्यात तीस वर्षं मी तपासणी विभागात होतो. गेज न लावता एक सुटा भाग मी कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

भीती वाटत होती, हे आज सांगता येतं. तेव्हा मी त्याला कामाची गडबड म्हणायचो.

२०१९ मध्ये डाव्या कुशीत दुखू लागलं. पाठ धरली असेल म्हणून बाम चोळत राहिलो. रात्री बनियन घामाने भिजायचं, पँट सैल झाली. सोनोग्राफीत दिसलं की पोटातल्या गाठींनी डाव्या मूत्रवाहिनीला दाबलं होतं आणि मूत्रपिंड फुगलं होतं. बायोप्सी म्हणाली, आजाराने रूप पालटलंय, वेगाने वाढणारा लिम्फोमा झालाय. दरवर्षी शंभरातल्या दोन-तीन रुग्णांचं असं होतं. मी वेळेवर आलो असतो तर हे टळलं असतं का, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "रूपांतर टळलं नसतं. मूत्रपिंड वाचलं असतं."

मूत्रवाहिनीत स्टेंट बसला. रिटुक्सिमॅबसह केमोथेरपीचे सहा डोस झाले, दर एकवीस दिवसांनी एक. हिपॅटायटिस बी तपासूनच सुरुवात केली, कारण रिटुक्सिमॅबने त्याचा दबलेला विषाणू उसळू शकतो. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, शर्टाची बटणं मुलगी लावून द्यायची. तिने सहा महिने बिनपगारी रजा घेतली होती. तिचं प्रमोशन त्या वर्षी हुकलं. तिने कधी तोंडातून काढलं नाही, मला ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

गाठी गेल्या. डावं मूत्रपिंड नावापुरतं उरलं. फॉलिक्युलर लिम्फोमा बहुधा पुन्हा डोकं वर काढतो, पण त्याच्यासोबत पंधरा-वीस वर्षं जगणारे पुष्कळ आहेत. उपचारानंतर दोन वर्षांच्या आत तो परतला तर मात्र पुढचं अवघड होतं. माझी ती दोन वर्षं एकेक तारीख मोजत गेली.

बायकोला बसथांब्याची गोष्ट मी तिसऱ्या डोसच्या रात्री सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. सकाळी उठून तिने फाइल आपल्या कपाटात ठेवली. आता पुढची तारीख कॅलेंडरवर तीच लिहिते. डॉक्टर काय म्हणाले असं विचारत नाही, बरोबर येते.